परिप्रश्न : विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या मुलांना गीता कशी सांगावी?

गीतेच्या चौथ्या अध्यायातील चौतिसाव्या श्लोकात ज्ञानप्राप्तीची तीन साधने सांगितली आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. यांपैकी प्रणिपात आणि सेवा यांविषयी आपल्या घराघरांतून पुष्कळ बोलले जाते. वडीलधाऱ्यांस नमस्कार करावा, गुरुजनांची सेवा करावी, हे आपण मुलांस लहानपणापासून शिकवितो. मधल्या साधनाचे मात्र आपणांस बहुधा विस्मरण होते. परिप्रश्न म्हणजे नुसता प्रश्न नव्हे. 'परि' या उपसर्गामुळे सर्व बाजूंनी विचारलेला प्रश्न, असा अर्थ निष्पन्न होतो. एकदा विचारून गप्प बसणाऱ्याने हे साधन पुरते आचरिले असे म्हणता येत नाही. मिळालेल्या उत्तरावरही जो पुन्हा प्रश्न करतो, तोच परिप्रश्न करणारा होय. आणि भगवंतांनी हे साधन नमस्कार व सेवा या दोहोंच्या मधोमध ठेविले आहे. म्हणजे प्रश्न विचारणे हे नम्रतेच्या विरुद्ध आहे, असे त्यांनी मानलेले नाही.

आजचा पाठ या मधल्या साधनाविषयी आहे. त्याचे निमित्त माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे; म्हणून प्रथम ती सांगतो.

१. प्रसंग

बंगळूर शहराच्या पूर्वेस मारतहळ्ळी नावाचा भाग आहे. पूर्वीचे हे खेडे आज आउटर रिंग रोडवरील एक गजबजलेले उपनगर झाले आहे. जवळच विमानांचा मोठा कारखाना, आसपास संगणक-कंपन्यांच्या इमारती, आणि गल्लीगल्लीतून 'पीजी' या नावाने ओळखली जाणारी तरुणांची वसतिगृहे, असे त्याचे स्वरूप आहे. सोलापूर, सांगली, बेळगाव, नागपूर अशा ठिकाणांहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथे बरीच आहेत. मी संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम करतो. रविवारी सकाळी पाच-सात कुटुंबे आमच्या घरी जमतात आणि शांकरभाष्याच्या आधाराने गीतेचे वाचन चालते.

या मंडळींपैकी एका गृहस्थांची कन्या शहरातील एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान हा विषय घेऊन शिकत आहे. वडील संगणक-व्यवसायातले, मुलीने हा विषय निवडला, हे त्यांच्या मनाने पुरते स्वीकारलेले नव्हते. एका रविवारी दुसऱ्या अध्यायाचे वाचन चालू असता ती म्हणाली, "काका, एक विचारू?"

"विचार की."

"आत्मा मरत नाही आणि मारला जात नाही, म्हणून तू शोक करू नकोस, असं भगवान सांगतात. आमच्या वर्गात यावर चर्चा झाली. आत्मा मरत नाही म्हणून मारण्यात दोष नाही, असं ठरलं, तर कोणताही खुनी न्यायालयात हेच सांगेल. मग अर्जुन जे म्हणत होता, तेच बरोबर नव्हतं का?"

सारे स्तब्ध झाले. वडिलांचा चेहरा उतरला. ते मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, हल्ली कॉलेजात हेच शिकवतात. तुम्हीच हिला चार शब्द सांगा."

मी चार शब्द सांगितले. चौथ्या अध्यायातील चाळिसाव्या श्लोकाकडे मी बोट दाखविले. ज्यास ज्ञान नाही, श्रद्धा नाही आणि ज्याचे चित्त संशयाने भरलेले आहे, त्याचा नाश होतो, त्यास इहलोकही नाही आणि परलोकही नाही, असा त्या श्लोकाचा आशय आहे. "बाळ, आधी श्रद्धा ठेव, मग सारे आपोआप उलगडेल," असेही मी वर जोडले. ती "बरं, काका" म्हणाली आणि खाली मान घालून बसली. वडिलांस समाधान वाटले. खोटे कशास बोलू, मलाही वाटले.

पुढील तीन रविवार ती आली नाही. परीक्षा आहे, असे वडील सांगत राहिले. चौथ्या रविवारी मात्र सर्व मंडळी गेल्यावर ते मागे थांबले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, परीक्षा वगैरे काही नाही. ती म्हणते, तिथे प्रश्न विचारायचे नसतात."

हे वाक्य मला फार लागले. ज्या पाठशाळेत मी न्याय आणि वेदान्त शिकलो, तेथे ज्या दिवशी विद्यार्थ्यास शंका नसे, त्या दिवशी पाठ पुढे सरकत नसे. "समजले" एवढे म्हणून सुटका होत नसे; "तर मग याच्या विरुद्ध काय म्हणता येईल ते सांग," असे गुरुजी म्हणत. त्या शिक्षणावर वाढलेल्या माझ्यासारख्याने एका मुलीचा प्रश्न श्लोकाखाली दडपला, आणि तोही गीतेचाच श्लोक पुढे करून! त्या रात्री मी तो श्लोक आणि त्याच्या पुढचे-मागचे प्रकरण नव्याने वाचावयास घेतले.

२. संशयाचा निषेध कोठवर?

चाळिसावा श्लोक संशयात्म्याविषयी आहे, संशयाविषयी नव्हे, ही पहिली गोष्ट ध्यानात आली. दोन श्लोक पुढे, अध्यायाच्या शेवटी, हृदयातील संशय ज्ञानाच्या खड्गाने छेदण्यास भगवान सांगतात. संशय दडपून टाक, असे ते म्हणत नाहीत. आणि ज्याचे अस्तित्वच मान्य केलेले नाही, ते छेदणार तरी कसे? सहाव्या अध्यायात तर अर्जुन स्वतःच्या तोंडाने आपला संशय मांडतो. योगमार्गावरून ढळलेला मनुष्य वाऱ्याने फाटलेल्या ढगाप्रमाणे दोन्हीकडून नष्ट तर होत नाही ना, असे तो विचारतो आणि हा माझा संशय निःशेष छेदावा, अशी प्रार्थना करतो. भगवान त्यास संशयात्मा म्हणत नाहीत. उलट 'बाबा रे' अशा वत्सल संबोधनाने त्यास उत्तर देतात.

तिसऱ्या अध्यायाचा आरंभही असाच आहे. कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ असेल, तर या घोर कर्मात मला का लोटता, तुमच्या मिश्र वाटणाऱ्या बोलण्याने माझ्या बुद्धीस मोह पडतो, असे अर्जुन स्पष्ट म्हणतो. शिष्याने गुरूच्या वचनांत विसंगती दाखविणे यापेक्षा निराळे काय असते? चौथ्या अध्यायात तो याहून पुढे जातो : तुमचा जन्म अलीकडचा, विवस्वानाचा फार पूर्वीचा, मग तुम्ही त्यास हा योग सांगितला हे मी कसे समजावे? पाचव्या अध्यायाचा आरंभ पुन्हा प्रश्नाने, आठव्याचा प्रश्नाने, बाराव्याचा, सतराव्याचा आणि अठराव्याचाही प्रश्नानेच. अर्जुनाचे प्रश्न गाळले, तर गीतेचा विस्तार होण्यास कारणच उरत नाही.

आपल्या शास्त्रांनी संशयास दिलेले स्थान पाहिले, म्हणजे ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा पदार्थ संशय हाच आहे. भाष्यकार वात्स्यायन सांगतात की, जी वस्तू मुळीच ठाऊक नाही तिच्याविषयी, किंवा जिचा निर्णय झालेला आहे तिच्याविषयी, न्यायाची प्रवृत्ती होत नाही. जेथे संदेह आहे तेथेच ती होते. मीमांसकांच्या अधिकरणाची रचनाही अशीच : प्रथम विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, त्यानंतर सिद्धान्त. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या सूत्रावर भाष्य करताना आचार्य शंकर ब्रह्मविचाराची आवश्यकता दाखवितात. देह हाच आत्मा, इंद्रिये हाच आत्मा, मन हाच आत्मा, क्षणिक विज्ञान हाच आत्मा, शून्यच सर्व काही, अशी नाना मते लोकांत आहेत, म्हणून विचार केला पाहिजे, असे ते म्हणतात. चार्वाकाचे व बौद्धाचे मत प्रारंभीच मांडल्यावाचून वेदान्ताचा विचार सुरू होत नाही, असा याचा अर्थ.

तर मग संशयात्मा कोण? अंधुक प्रकाशात समोर खांब आहे की माणूस उभा आहे, अशी शंका येणे हा संशय. जवळ जाऊन पाहणारा त्यातून पार पडतो. जो जवळही जात नाही, परतही फिरत नाही, तेथेच उभा राहून "कोण जाणे!" म्हणत आयुष्य घालवितो, तो संशयात्मा. आमच्या त्या मुलीने जवळ जाण्यासाठी पाऊल उचलले होते. तिला अडविणारा मी होतो.

३. भाष्यकारांनी तोच प्रश्न विचारला होता

आता तिच्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्या अध्यायातील अकराव्या श्लोकापासून तिसाव्या श्लोकापर्यंत आत्म्याच्या नित्यत्वाचे प्रतिपादन आहे. या प्रकरणात निष्कर्ष म्हणून पुन्हा पुन्हा काय येते, ते वाचकांनी मोजून पाहावे. शोक करू नये, हाच तो निष्कर्ष होय. अकराव्यात तो सूचित आहे. पंचविसाव्यात, सव्विसाव्यात, सत्ताविसाव्यात आणि तिसाव्यात स्पष्ट आहे. आत्मा नित्य आहे, म्हणून मारावे, अशी अनुमानाची मांडणी या प्रकरणात नाही. शोकाचे निवारण हा त्या युक्तिवादाचा विषय आहे, हिंसेचे समर्थन हा नव्हे.

पण अठराव्या श्लोकात युद्ध करण्यास सांगितले आहे ना? असा आक्षेप येणारच. येथे आचार्यांचे भाष्य लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. ते म्हणतात की, या ठिकाणी युद्ध हे कर्तव्य म्हणून विहित केलेले नाही. अर्जुन युद्धास आधीच प्रवृत्त झालेला होता. शोक आणि मोह यांनी अडविल्यामुळे तो स्तब्ध बसला. ती अडचण तेवढी भगवान दूर करीत आहेत. म्हणून हे वचन विधी नसून अनुवाद, म्हणजे आधीच ठरलेल्या गोष्टीचा पुनरुच्चार, आहे. लढावे की लढू नये, याचा विचार एकतिसाव्या श्लोकापासून स्वधर्माच्या आधाराने निराळा सुरू होतो. तो मान्य करावयाचा किंवा नाकारावयाचा, तर त्याच आधारावर.

याहून कठीण स्थळ अठराव्या अध्यायातील सतरावा श्लोक हे आहे. ज्यास 'मी कर्ता' हा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो मारूनही मारीत नाही, असा त्याचा आशय. येथे आचार्य स्वतःच पूर्वपक्ष करतात : 'मारूनही मारीत नाही' हे बोलणे, ती स्तुती असली तरी, परस्परविरुद्ध नाही काय? मग ते समाधान देतात की, लौकिक दृष्टीने तो मारतो आणि पारमार्थिक दृष्टीने मारीत नाही. दृष्टी दोन असल्यामुळे विरोध नाही. समाधान पटो अथवा न पटो, परंतु आक्षेप घेणारा कोण आहे ते पाहावे. जो प्रश्न विचारला म्हणून एका विद्यार्थिनीस मी गप्प बसविले, त्याच जातीचा प्रश्न भाष्यकारांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेविला आहे. ती पंक्ती मी पाठशाळेत शिकलो होतो. तिचा अर्थ ठाऊक होता. तिच्यातील शिकवण मात्र माझ्याकडून निसटली होती.

४. दोन शाळा आणि त्यांच्या दोन उणिवा

हा प्रश्न एका घरापुरता नाही. आपल्या देशात तत्त्वज्ञानाचे अध्यापन सध्या दोन ठिकाणी होते आणि ही दोन ठिकाणे एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. विद्यापीठात प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो, पण तेथे भारतीय दर्शने पुष्कळदा सिद्धान्तांच्या यादीच्या रूपाने शिकविली जातात. अमुक दर्शनाची प्रमाणे किती, तमुकाचे पदार्थ किती, हे परीक्षेपुरते पाठ केले की काम संपते. पाठशाळेत वादाची पद्धती अद्याप जिवंत आहे, परंतु तेथील पूर्वपक्ष शेकडो वर्षांपूर्वीचा असतो. आजचा तरुण ज्या शंका घेऊन येतो, त्यांस तेथे उत्तर सोडाच, पूर्वपक्षाचे आसनही मिळत नाही.

ही दरी बुजविण्याचा प्रयत्न करणारे अध्यापक आपल्याकडे होऊन गेले. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्राध्यापक हिरियण्णा (१८७१–१९५०) यांनी विद्यापीठात वर्षानुवर्षे दिलेल्या व्याख्यानांतून भारतीय दर्शनांची रूपरेषा सांगणारा त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. तो १९३२ मध्ये निघाला. त्याच म्हैसूर विद्यापीठात १९१८ ते १९२१ या काळात डॉ. राधाकृष्णन तत्त्वज्ञान शिकवीत होते. पुण्यात वासुदेवशास्त्री अभ्यंकर हे जुन्या परंपरेत घडलेले पंडित फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. १९२४ मध्ये त्यांनी माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रह' या ग्रंथावर स्वतः संस्कृत टीका लिहून तो प्रसिद्ध केला. या ग्रंथाचा प्रारंभ चार्वाकदर्शनापासून होतो, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वेदान्ती ग्रंथकार नास्तिकाचे मत प्रथम आणि त्याच्याच भाषेत मांडतो. त्याची टवाळी करून पुढे जात नाही.

खानदेशातील अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या उदार आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील अभ्यासक राहून अध्ययन करीत. साने गुरुजीही प्रथम तेथेच विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे त्याच गावी शिक्षक झाले. जमखंडीस जन्मलेले गुरुदेव रानडे (१८८६–१९५७) यांनी पुण्यास आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविले. ग्रीक तत्त्वज्ञान आणि नामसाधना या दोहोंचा त्यांच्या जीवनात कधी झगडा झाला नाही. सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. वर्गात ते प्लेटो शिकवीत आणि कीर्तनात ज्ञानेश्वरी सांगत. ज्ञानदेव व प्लेटो यांचा तौलनिक विचारही त्यांनी केला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' तर याच दृष्टीने पुन्हा वाचावे. आचार्यांनी काढलेले निवृत्तिपर तात्पर्य त्यांस मान्य नव्हते. ते त्यांनी आदरपूर्वक नाकारले आणि कांट, मिल, ग्रीन यांची मते समोर ठेवून गीतेची बाजू मांडली. मोठ्यांशी मतभेद कसा करावा, याचा हा वस्तुपाठच होय.

अलीकडचा आणि मला स्वतःस फार जवळचा वाटणारा प्रयत्न १९८३ मध्ये पुण्यास झाला. प्राध्यापक मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण इत्यादी विद्वानांच्या पुढाकाराने न्यायशास्त्राचे पारंपरिक पंडित आणि विद्यापीठांतील तत्त्वज्ञ एका बैठकीत आणले गेले. बर्ट्रांड रसेल यांची 'प्रपोझिशन' ही कल्पना संस्कृतात उतरवून पंडितांसमोर ठेवण्यात आली. खरे किंवा खोटे असे आपण कशास म्हणतो : उच्चारलेल्या वाक्यास, ते ऐकून मनात होणाऱ्या ज्ञानास, की या दोहोंहून निराळ्या अशा एखाद्या अर्थास? रसेल यांच्या परंपरेत या तिसऱ्या गोष्टीचा बराच ऊहापोह झालेला आहे. नैयायिक प्रमा आणि अप्रमा हे भेद ज्ञानाचे मानतात. मग दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत की निरनिराळ्या? असा हा विषय होता. त्या चर्चेचा ग्रंथ 'संवाद' या नावाने १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा मुख्य भाग संस्कृतातच आहे. ज्या पूर्वपक्षाचे नावही आमच्या जुन्या ग्रंथांत नाही, त्यासही संस्कृतात आसन देता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. भाषांतर करणाऱ्या मजसारख्यास यापेक्षा मोठा धीर कोणता?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर भारतीय ज्ञानपरंपरेस अभ्यासक्रमांत अधिक स्थान मिळू लागले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र केवळ सिद्धान्त आणि त्यांची स्तुती एवढेच शिकविले, पूर्वपक्ष गाळला, तर परंपरेचे नाव वर्गात पोहोचेल आणि परंपरा बाहेरच राहील, अशी भीती वाटते.

५. पुन्हा तोच प्रश्न

मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. मुलीस म्हणालो, "त्या दिवशी मी तुला उत्तर दिले नाही, नुसते गप्प केले. चूक माझी झाली. तुझा प्रश्न भाष्यात आहे. येऊन वाचणार असलीस, तर दोघे मिळून वाचू." वडील संकोचले. मुलगी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "येते, काका."

पुढच्या रविवारी आम्ही वर सांगितलेली दोन्ही स्थळे वाचली. शोकाचे निवारण आणि हिंसेचे समर्थन यांतील भेद तिने चटकन ओळखला. अठराव्या अध्यायातील श्लोकाशी मात्र ती अडली. "अहंकार नाही, हे ठरवणार कोण? प्रत्येक जण म्हणेल, मी निर्लेप आहे."

मी म्हणालो, "स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर आचार्य काय लिहितात ते पाहा. सिद्धाची जी लक्षणे, तीच साधकाने प्रयत्नाने मिळवावयाची साधने, असे ते सांगतात. म्हणजे ही लक्षणे दुसऱ्यास दाखविण्याचे प्रमाणपत्र नव्हेत. आपण कोठे उणे आहोत, हे आपणच पाहण्यासाठी ती आहेत. खून करणारा लोभाने, द्वेषाने किंवा सूडाने करतो. त्या श्लोकाची पहिली अटच तेथे लागू पडत नाही."

"म्हणजे न्यायालयात तो श्लोक पुढे करता येणार नाही."

"नाही. आणि सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या यादीत अहिंसा आहे, तीही याच गीतेत आहे."

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "काका, हे अर्जुनाला पुरेल. पण ज्यांना त्यानं मारलं, त्यांच्या बायकामुलांना या उत्तरानं काय मिळालं?"

या वेळी मी श्लोक शोधला नाही. मी म्हणालो, "याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण हा प्रश्न व्यासांनी टाळलेला नाही. युद्ध संपल्यावर त्यांनी एक संपूर्ण पर्व त्या स्त्रियांच्या विलापास दिले आहे, आणि त्यानंतर विजयी युधिष्ठिरास राज्य नकोसे झालेले दाखविले आहे. आपण स्त्रीपर्व वाचू."

तिचे वडील आतापर्यंत काही बोलले नव्हते. ते हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, मलाही हे कधी सुचलं नव्हतं. वाचू या." सध्या आमचे ते वाचन चालू आहे. मुलगी नास्तिक होईल की आस्तिक, हे मी सांगू शकत नाही. परंतु ती दर रविवारी येते, आणि वडील आता तिच्या शेजारी स्वतःची वही घेऊन बसतात.

६. गृहस्थांसाठी तात्पर्य

पहिली गोष्ट : मुलाने किंवा मुलीने शास्त्रावर आक्षेप घेतला, तर तो घरी बोलून दाखविला, याचाच आनंद मानावा. ज्याची श्रद्धा खरोखर उडाली, तो प्रश्न विचारीत बसत नाही. तो विषय सोडून देतो.

दुसरी गोष्ट : उत्तर देण्यापूर्वी त्याचा आक्षेप आपण स्वतः, त्याच्यापेक्षाही नेटका करून मांडावा. पूर्वपक्ष दुबळा करून जिंकणे हा जय नव्हे. नैयायिकांनी चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले आहेत. तत्त्वाच्या निर्णयासाठी चालतो तो वाद. नुसत्या जयासाठी चालतो तो जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे खंडन करणे ही वितंडा. दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपली विभूती म्हणून यांपैकी वादाचा निर्देश केला आहे. घरात आईबापांनी जल्प करू नये, हे जितके खरे, तितकेच मुलांनी वितंडा करू नये, हेही खरे.

तिसरी गोष्ट : ठाऊक नसेल, तर तसे सांगावे आणि ग्रंथ उघडावा. "मला ठाऊक नाही, आपण पाहू" या वाक्याने वडिलांचा मान कमी होत नाही.

चौथी गोष्ट : प्रश्न विचारणाऱ्यानेही तेथेच मुक्काम करू नये. विद्यापीठाने प्रश्न शिकविला, हे त्याचे उपकार. त्या प्रश्नामागोमाग चालत जाणे हे मात्र विद्यार्थ्याचे स्वतःचे कर्तव्य होय.

शेवटी गीतेच्या आचार्यांचे वर्तन पाहावे. अठराव्या अध्यायातील त्रेसष्टाव्या श्लोकात, गुह्यातील गुह्य ज्ञान सांगून झाल्यावर, भगवान अर्जुनास म्हणतात की, याचा निःशेष विचार कर आणि मग तुला जसे इष्ट वाटेल तसे कर. पुढे बहात्तराव्या श्लोकात ते विचारतात की, तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना? सर्वज्ञ असूनही ते शिष्यास विचारतात आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबतात. ज्यांस आज्ञा करण्याचा पूर्ण अधिकार होता, त्यांनी विचार करण्यास सांगितले. मग आपण, ज्यांचा अधिकार इतका थोडा आहे, त्यांनी मुलांस विचार करू नको असे कोणत्या तोंडाने सांगावे?

स्वाध्याय

१. गीतेतील अर्जुनाचे सर्व प्रश्न अध्यायवार लिहून काढा. त्यांपैकी कोणते जिज्ञासेचे आहेत आणि कोणते आक्षेपाचे, हे ठरवा.

२. चौथ्या अध्यायातील चाळिसावा आणि बेचाळिसावा श्लोक एकत्र वाचून संशय व संशयात्मा यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.

३. दुसऱ्या अध्यायात शोकनिवारणाचा विचार कोठे संपतो आणि स्वधर्माचा विचार कोठे सुरू होतो, ते पाहा. हे दोन विचार एकमेकांत मिसळल्याने कोणता घोटाळा होतो?

४. आपल्या घरातील तरुणाने अलीकडे घेतलेला एखादा आक्षेप आठवा. त्यास उत्तर देऊ नका. प्रथम तो त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहा आणि त्यास वाचून दाखवा.